ट्रॅकसाठी स्पोर्ट्स कार: मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? (मदत हवी आहे)

उलटा_गिअर

मागच्या चाकांना ताकद जाणारी, टर्बो पेट्रोल इंजिनाची दोन दारांची गाडी घ्यायची आहे. मॉडेल ठरलंय, इंजिन एकच आहे, घोडं गिअरबॉक्सपाशी अडलंय. ६ गिअरची मॅन्युअल (खालचा गिअर टाकताना इंजिनाचे आरपीएम त्या गिअरला आपोआप जुळवणारी, म्हणजे रेव्ह-मॅच) किंवा पॅडलवाली ८ गिअरची ऑटोमॅटिक. रोजच्या वाहतुकीत हीच चालणार आणि अधूनमधून ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांची सत्रं. शर्यतीत उतरायचं नाही.

ऑटोमॅटिक वेगवान असते म्हणतात, पण नवशिक्याला त्याचा कितपत फायदा? हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक दाबत रेव्ह देणं) येत नाही, त्यावाचून मॅन्युअल चालेल का? ट्रॅकवर तापून दोन्हींत काय बिघडतं? आणि वापरलेली गाडी घेतली तर तपासायचं काय? कृपया "मॅन्युअलची मजाच वेगळी" यापलीकडचं सांगा.

अ‍ॅपेक्स_आधी

आधी ऑटोमॅटिक कुठली ते बघा, कारण या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात.

एक, सिंगल क्लचवाली. आत साधी मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर हायड्रॉलिक्सने हलतात. फेरारीने १९९७ साली एफ३५५ मध्ये दिली ती ही. प्रत्येक गिअरला मान पुढे जाते. आता नव्या स्पोर्ट्स कारमधून जवळपास हद्दपार आहे. दोन, ड्युअल क्लच: विषम गिअर एका क्लचवर, सम दुसऱ्यावर, आणि पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला. २००३ च्या फोक्सवॅगन गोल्फ आर३२ पासून ती रस्त्यावर आली, पोर्शची ड्युअल क्लच, पीडीके, २००८ मध्ये ९११ ला मिळाली. तीन, टॉर्क कन्व्हर्टर: इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. तुमची ८ गिअरची बहुधा हीच. चार, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी), ती या यादीत धरूच नका.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे सुस्त, हे मत जुन्या ४-५ गिअरच्या खोक्यांवरून (म्हणजे गिअरबॉक्सवरून) पडलंय. झेडएफच्या ८एचपी वर्गातल्या खोक्यात गाडी चालू लागली की लॉक-अप क्लच कन्व्हर्टरला जवळजवळ घट्ट जोडून टाकतो आणि गिअर इतके झटपट बदलतात की ड्युअल क्लचशी फरक पाठीला जेमतेम कळतो.

आता वेग. २०१७ ची ९११ जीटी३ घ्या, ५०० पीएसचं ४ लिटर इंजिन दोन्हींना तेच. कंपनीचे आकडे: मॅन्युअल १४१३ किलो, ० ते १०० ला ३.९ सेकंद, पीडीके १४३० किलो, ३.४ सेकंद. सतरा किलो जास्त असूनही अर्धा सेकंद पुढे. पण सर्वोच्च वेग मॅन्युअलचा ३२०, पीडीकेचा ३१८. म्हणजे फायदा सुटताना आणि गिअर बदलताना आहे, नंतर तो संपतो.

ट्रॅकवर हिशोब असा करा. गाडी दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेतेय आणि हाताने गिअर टाकताना ०.४ सेकंद ताकद तुटली, तर १.२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी चारेक किलोमीटरची भर त्या वेळी पडली नाही. लांब सरळ पट्ट्यावर असे दोन-तीन बदल झाले की शेवटी तो फरक दिसतो. टर्बो इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सुटल्यावर दाबही थोडा पडतो, तो वेगळा.

नवशिक्याचा वेळ मात्र तिथे जात नाही. तो ब्रेक लवकर मारतो, अर्धवट मारतो आणि वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर उशिरा देतो. यात सेकंदच्या सेकंद सांडतात. म्हणून माझं मत ऑटोमॅटिककडे: डोकं आणि दोन्ही हात ब्रेकिंगवर आणि रेषेवर राहतात.

तीन_पेडल

वरचं पटलं, निष्कर्ष पटला नाही. गिअर कधी बदलायचा हे ठरवताना इंजिन ताकद कुठे देतं आणि वळणाला किती वेगाने पोचतोय याचं भान येतं. खोकं ते आपोआप करत असेल तर ते भान यायला वेळ लागतो. पण शिकताना एक जोखीम मॅन्युअललाच आहे, ती नीट समजून घ्या.

तिसऱ्यातून चौथा टाकायचा आणि लिव्हर डावीकडे ओढली जाऊन दुसरा पडला. तिसऱ्याचं गुणोत्तर १.५०, दुसऱ्याचं २.१० धरा. ७००० आरपीएमवर हे झालं तर क्लच सुटताच इंजिन ७००० × २.१० ÷ १.५० = ९८०० वर. इथे रेव्ह लिमिटर कामाचा नाही; तो इंधन तोडतो, पण इंजिनाला फिरवतायत चाकं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग मागे पडतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो, कधी कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणले जातात. पाचव्यातून चौथ्यात येताना जास्त तिरकं ओढलं तरी हेच.

उपाय: लिव्हर मुठीत आवळायची नाही. तिसऱ्यातून चौथ्यात येताना तळहाताने सरळ मागे; डावी-उजवी जागा आतली स्प्रिंग पकडते. वळणात अंगावर बाजूचा जोर असताना गिअर टाकायचा नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे माउंट (त्यांना धरून ठेवणारे रबरी आधार) सैल झाले असतील तर जोरात खोकं हलतं आणि गेट जागेवर सापडत नाही, तेव्हा दोष हाताला देण्याआधी माउंट बघा.

हील-अँड-टो येत नसलं तरी रेव्ह-मॅचवर खुशाल चालवा. निसानच्या ३७०झेडपासून ही सोय आहे आणि आपल्या पायापेक्षा नेमकी चालते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ब्रेक लागलेले असताना रेव्ह न जुळवता क्लच सोडला तर मागची चाकं क्षणभर अडतात आणि शेपूट बाहेर येते. ते यामुळे टळतं.

शिकायचंच असेल तर क्रम: आधी ब्रेक पूर्ण जोराने, वेग बराच उतरल्यावर क्लच आत, गिअर खाली, ब्रेकवरचा दाब तोच ठेवून पायाच्या बाहेरच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी, क्लच बाहेर. चुकतं ते पहिल्या पायरीला. लोक ब्रेक लावताक्षणी गिअर टाकतात, तेव्हा वेग अजून जास्त असतो. आणि पेडल बघा: ब्रेक जोरात दाबल्यावर तो अ‍ॅक्सिलरेटरच्या पातळीत किंवा किंचित वर थांबला पाहिजे. सावकाश ब्रेकवर सराव जमत नाही, कारण पेडल पुरेसं खाली जातच नाही.

तेलकट_हात

तापण्याबद्दल. इथे बरेच गैरसमज आहेत.

मॅन्युअल "काही होत नाही" म्हणून विकली जाते. बहुतेक मॅन्युअल खोक्यांना तेलाचा पंप किंवा कूलर नसतो, गिअर फिरताना तेल उडवतात तेवढंच. ट्रॅकवर ते तेल लवकर खराब होतं. बदलताना ग्रेड पुस्तकातलाच घ्या. जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा) सांगितलं असताना "जीएल-५ वरचं आहे" म्हणून टाकू नका. त्यातली जास्तीची गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रोला (गिअर जुळताना वेग सारखा करणाऱ्या कड्यांना) त्रास देतात.

दुसरी गोष्ट क्लचचं द्रव. कित्येक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, तरी ब्रेकला ब्लीड करून (जुनं द्रव आणि हवा काढून) क्लच तसाच सोडतात. क्लचचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) उष्णतेत बसलेला असतो. डॉट ४ या ब्रेक-क्लच द्रवाचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर १५५. जुनं द्रव उकळलं की क्लच पेडल फरशीला चिकटून राहतं, वर येत नाही. ट्रॅकच्या आधी दोन्ही ब्लीड करा.

ऑटोमॅटिकमध्ये उष्णता कन्व्हर्टर घसरताना तयार होते आणि ते तेलच गिअरबॉक्सचे क्लच दाबतं. साधारण ८० ते १०० अंश ही नेहमीची पातळी. १२० ओलांडलं की एक फेरी हळू: वरचा गिअर, कमी आरपीएम, ब्रेक जेमतेम. त्यापुढे बहुतेक गाड्या स्वतःच ताकद कमी करतात. डॅशबोर्डवर तापमान दिसत नसेल तर ओबीडी (गाडीच्या संगणकाचं तपासणी सॉकेट) वाचणारं छोटं यंत्र लावून बघा. इंजिनाचं पाणी नॉर्मल आहे म्हणून गिअरबॉक्स नॉर्मल असतो असं नाही.

"आयुष्यभर तेल बदलायला नको" हे विसरा. खोकं बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगते, आणि तो रस्त्यावरचा हिशोब. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला त्याच्या निम्म्यात बदला. फिल्टर बऱ्याचदा प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणजे पॅनसकट नवा. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना (अनेक खोक्यांत ३० ते ५० अंश) बघायची. इंजिन बंद ठेवून बुचाच्या भोकापर्यंत भरलं तर पुढे गिअर घसरतो आणि खापर खोक्यावर फुटतं.

उलटा_गिअर

बरंच डोक्यात शिरलं. एक शंका: पॅडल ओढूनही गाडी गिअर खाली घेत नाही अशी तक्रार खूप ठिकाणी दिसते. हा दोष की स्वभाव?

अ‍ॅपेक्स_आधी

बहुतेक वेळा स्वभाव. खालच्या गिअरात आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असतील तर ते नकार देतं. तीन_पेडल यांनी सांगितलेला अपघात इथे होऊच शकत नाही. तुम्ही ब्रेकच्या सुरुवातीला तीनदा पॅडल ओढता, पहिली मागणी फेटाळली जाते आणि मोजणी चुकते. वेग उतरू द्या, मग एकेक ओढा.

ड्युअल क्लचमध्ये आणखी एक कारण असतं. चौथ्यातून थेट दुसरा हवा असेल तर दोन्ही एकाच शाफ्टवर, त्यामुळे मधे तिसऱ्यावर भार न्यावा लागतो आणि क्षणभर उशीर होतो. तुमच्या खोक्यात हा प्रश्न नाही.

ट्रॅकवर डी मध्ये ठेवू नका, पूर्ण मॅन्युअल मोड. डी मध्ये वळणाच्या मध्यात अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त गेला की खोकं एक गिअर खाली टाकतं आणि मागच्या चाकांवर नको तेव्हा टॉर्क येतो. काही गाड्या मॅन्युअल मोडमध्येही लिमिटरला स्वतःच वर जातात. हे चाचणीतच बघून घ्या.

तेलकट_हात

वापरलेल्या गाडीची तपासणी राहिली.

मॅन्युअल: थंड गाडीत तिसऱ्यातून दुसरा जरा झटक्यात टाका, गरम झाल्यावर पुन्हा. खरखरलं तर डबल क्लच करून बघा (क्लच दोनदा दाबायचा, मधे न्यूट्रलमध्ये रेव्ह द्यायचे); तेव्हा गुपचूप पडला तर सिंक्रो झिजलाय. उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तिथेही खरखरलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, खोक्याला दोष देऊ नका. मग पाचव्यात २००० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर: आरपीएम चढले आणि वेग नाही चढला तर क्लच गेला. इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरलं याची नोंद काही कंपन्यांच्या संगणकात राहते (पोर्शमध्ये टप्प्यांनुसार), ती वाचायला सांगा.

ऑटोमॅटिक: हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर ६० ते ८० च्या दरम्यान, खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर आली तर लॉक-अप क्लच किंवा थकलेलं तेल. आधी तेल बदलून बघतात, कित्येकदा तेवढ्यावर भागतं. उभ्या गाडीत रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना दणका किंवा दीड-दोन सेकंदांचा उशीर आला तर गाडी सोडून द्या.

रोजची वाहतूक आणि मधूनच ट्रॅक एवढंच असेल तर मी अ‍ॅपेक्स_आधी यांच्या बाजूने. पण ऑटोमॅटिक बिघडली तर ती गल्लीतला मेकॅनिक उघडणार नाही, आणि वाटेत बंद पडली तर मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. तेलाचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत सगळं कोरडं. सरळ फ्लॅटबेड मागवायचा.

तीन_पेडल

आणि दोन्हींना लागू: सत्र संपवून आलात की हँडब्रेक ओढू नका. मागचे डिस्क तापलेले असतात आणि पॅड त्यांना चिकटून डाग पडतात, मग पुढे ब्रेक थरथरतात. मॅन्युअल पहिल्या गिअरात, ऑटोमॅटिक पी मध्ये, आणि दोन्ही वेळा चाकामागे ठोकळा. इलेक्ट्रिक हँडब्रेक इंजिन बंद करताच आपोआप लागत असेल तर तो मेनूतून आधीच बंद करून ठेवा.