माथेरान : शार्लोट लेकच्या सकाळच्या वाटांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आईला घेऊन माथेरानला जातोय. मुक्काम बाजारपेठेजवळ. उजाडताच शार्लोट लेकच्या काठाने हिंडायचं, पिसरनाथाचं दर्शन घ्यायचं आणि जमलं तर लॉर्ड पॉइंटपर्यंत जायचं, असा बेत आहे.

आईला शेकरू बघायचंय. आपला राज्यप्राणी, पण तिने तो आजवर फोटोतच पाहिलाय. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, फांद्याफांद्यांवरूनच फिरतं आणि उंच झाडांवर काटक्या-पानांची गोल घरटी करतं, एवढं मला माहीत आहे. तलावाच्या कोणत्या बाजूच्या झाडीत सकाळी ते दिसण्याची शक्यता जास्त? शीळकरी कस्तुर हा पक्षी हिवाळ्यात तिथे दिसतो का?

खरी काळजी वाटेची आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, पण तिथली लाल माती, तिच्यावर पसरलेले गोटीएवढे जांभ्याचे खडे आणि वर आलेली झाडांची मुळं, यांवर उतारात पाय सटकतो. घोड्यावर ती बसणार नाही. बाजारातून तलावाकडे जाणारी कमी उताराची वाट कोणती? इतक्या सकाळी हातरिक्षा किंवा ई-रिक्षा मिळते का, आणि ती कुठपर्यंत सोडते?

माकडांमुळे खाऊची पिशवी नेणार नाही. पण तिला गोळीआधी काहीतरी खावं लागतं, म्हणून तलावाजवळच्या टपऱ्या साधारण किती वाजता उघडतात तेही सांगा. अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.