न दाखवता घाबरवणारे सिनेमे सुचवा

प्रश्न: काल ‘जॉज’ (१९७५) पाचव्यांदा पाहिला. शार्क धड दिसायलाच तासाहून जास्त वेळ लागतो. तोवर तुटलेला लाकडी धक्का पाण्यात ओढला जातो, थांबतो आणि सावकाश वळून पोहणाऱ्या माणसाकडे येऊ लागतो. बस, एवढ्यानेच माझ्या पोटात गोळा! यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो कमी दाखवला. सिनेमाचं त्यात भलंच झालं. असं अजून काय पाहू? भयपटच हवा असं नाही.

उत्तर १: ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७). जवळपास सगळा सिनेमा एका खोलीत. कॅमेरा हळूहळू खाली येतो, लेन्स बदलत जातात, भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात.

उत्तर २: ‘सायको’ राहिला की! मला मात्र शेवटचं लांबलचक स्पष्टीकरण अजिबात पटत नाही.

प्रश्नकर्ता: ‘सायको’च्या शेवटाबद्दल अगदी सहमत. ‘ट्वेल्व्ह’ आजच बघते. आणि ‘वॉल-ई’ (२००८) मुलांचा म्हणून सोडू नका. सुरुवातीला कितीतरी वेळ संवाद जवळजवळ नाहीतच, तरी त्या रोबोचा एकटेपणा थेट भिडतो. मी दर वेळी रडते.