मानधन किती सांगू? आज रात्रीपर्यंत कळवायचंय, मदत हवी आहे

अधांतर: पुण्याच्या एका ग्रुपने विचारलंय, पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, अडीच तासांचा. "तुमचं किती ते सांगा" म्हणाले आणि फोन ठेवला. नोकरी सोडलीय त्यामुळे आता फुकट जमणार नाही. चालू रेट काय आहे तेवढं सांगा, लेक्चर नको प्लीज.

ठेका: गाता की वाजवता?

बोरीबंदर: राहता कुठे?

अधांतर: पेटी. सांगलीहून येणार.

ठेका: सोलो की साथ? ख्याल की नाट्यसंगीत? तालमी किती? अहो हे न सांगता रेट कसा सांगणार. मी तबल्याला एकच आकडा कधीच देत नाही, कार्यक्रमाचे वेगळे, तालमीचे वेगळे, गाडीभाडं जेवण राहणं त्यांच्याकडे, आणि अर्धे आधी. आयोजक कितीही 'आपलाच माणूस' असला तरी अर्धे आधीच.

मंद्रसप्तक: आकाशवाणीची ऑडिशन दिलीत का? बी, बी हाय, ए, टॉप अशा ग्रेड असतात. ग्रेड घ्या, मग घासाघीस होत नाही.

अधांतर: ऑडिशनचं विचारलंच नाहीये मी. साथ, नाट्यसंगीत, तालमी तीन.

जुनाखोड: पेटीवर पोट भरणार? मुळात ते आपलं वाद्यच नाही, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही तिच्यातून. रेडिओने १९४० साली बंदी उगाच घातली नव्हती.

ठेका: आणि १९७१ ला उठवली ते कोण सांगणार? पेटीवाले आप्पा जळगावकर, त्यांची साथ ऐका एकदा. आणि संगीत नाटकात ऑर्गन चालतो तुम्हाला, तो काय पंढरपूरहून आला?

जुनाखोड: ऑर्गनचा सूर भरणं वेगळं. विषय साथीचा आहे.

शमा: विषय पैशांचा आहे. अधांतर, शूटिंग आहे का?

अधांतर: हो, यूट्यूबवर टाकणार म्हणत होते. त्याने काय फरक पडतो?

शमा: खूप. कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्यालाही हक्क आहे, ५० वर्षांचा, तुमच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही. आधी कळवा की रेकॉर्डिंगचे वेगळे आणि व्हिडिओखाली नाव हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, फोनवर ठरलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

मंद्रसप्तक: एवढं कायदाबियदा काढलं तर पुन्हा बोलावणार नाहीत. नवीन माणसाने आधी ओळख करावी.

शमा: ओळख करून देऊन वीजबिल भरता येतं का?

अधांतर: अजून आकडा कुणीच सांगितला नाही 🙏

ठेका: मी असतो तर कार्यक्रमाचे आठ हजार, तालमीला प्रत्येकी हजार, रेकॉर्डिंगचे तीन, प्रवास राहणं त्यांचं. आठाच्या खाली यायचं झालं तर तालमी कमी करायला सांगा, पैसे नाही.

बोरीबंदर: तालमी तरी पुण्यातच का? दोन ऑनलाइन करा की.

ठेका: ऑनलाइन साथ?? आवाज मागेपुढे होतो, लय कशी धरणार.

बोरीबंदर: बरं. गाणाऱ्या बाई कुठल्या पट्टीत गातात, म्हणजे 'सा' कुठे धरतात, आणि पेटी स्केलचेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी, आहे का? साधी असेल तर काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, बोटं बसवून या आधी, तिथे जाऊन पंचाईत नको.

अधांतर: पट्टी विचारलीच नाही. थांबा, फोन करतो.