ट्रान्स संघटनांचं मूल्यमापन ट्रान्स लोकांनीच करायचं, हे खरंच चालतं का?

मोजपट्टी
शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. ट्रान्स हक्कांच्या कामाला पैसे देणारे काही फंड आता ग्रँट कोणाला द्यायची हे ट्रान्स कार्यकर्त्यांच्या पॅनेलवरच सोडतात, इंटरनॅशनल ट्रान्स फंड हे त्यातलं ठळक उदाहरण, आणि २०१२ मध्ये सुरू झालेला रेड अम्ब्रेला फंड सेक्स वर्करांच्या बाबतीत तेच करत आलाय. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण आता पुढची मागणी अशी की काम झालं का, त्यातून काय शिकलो, मोजायचं काय आणि मोजायचं तरी का, हेही त्यांनीच ठरवायचं. सहभागी मूल्यमापन म्हणतात याला. मी बरीच वर्षं संस्थांची मूल्यमापनं करतोय. पेपर काढणार तुम्ही, सोडवणार तुम्ही, तपासणारही तुम्हीच, मग नापास कोण होणार? आणि कोणी पैसा खाल्ला तर झळ फंडरला बसत नाही, रांगेत मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रान्स संस्थेला बसते.

रात्रपाळी
तुमच्यासारखेच बाहेरचे एक मूल्यमापक आमच्या ट्रान्स संस्थेत येऊन गेले. माणूस वाईट नव्हता. सोबत हजेरीचा कागद आणलेला, रकाने तीन: ओळखपत्राप्रमाणे पूर्ण नाव, पुरुष की स्त्री, सही. मिटिंगला तेवीस जण होतो. सात जणींनी पेन तसंच पुढे सरकवलं, दोघींनी सहीच्या जागी नुसता ठिपका काढला, आणि एकीने जुनं नाव लिहिलं आणि मग ते इतकं गिरवलं इतकं गिरवलं की कागद फाटला. सगळे बघत होते, कोणी काही बोललं नाही. रिपोर्टमध्ये आलं, उपस्थिती १३, अपेक्षित २५, उद्दिष्ट अपूर्ण.
आता हा पेपर कोणी काढला होता सांगा. नापास कोण झालं ते तर दिसतंच आहे.

मोजपट्टी
कागद चुकीचा होता, मान्य. शंभर टक्के मान्य. पण म्हणून कागद बदला ना, तपासणाराच नको हे कुठून आलं?

कोरडा कागद
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, फंडरकडे. एक सांगतो, लॉगफ्रेम नावाची चौकट, म्हणजे काय करणार आणि ते झालं हे कशावरून मोजणार हे रकान्यांत मांडायचा तक्ता, १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी बनवली गेली, आणि आजही आम्ही तीच भरून मागतो. तिच्यात शेवटचा एक रकाना असतो, गृहीतकांचा, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या कुठल्या गोष्टी जागच्या जागी राहिल्या तर हे काम होईल. संस्था तो मन लावून भरतात. आमच्याकडे तो कोणी वाचत नाही. हंगेरीचं घ्या, मे २०२० मध्ये तिथल्या संसदेने जन्मावेळचं लिंगच नोंदीत पक्कं करणारा कायदा केला आणि कागदपत्रांवर लिंग बदलायची वाटच बंद झाली. आता समजा एखाद्या संस्थेचा इंडिकेटर, म्हणजे यश मोजायचा आकडा, होता "किती जणांची कागदपत्रं बदलली". आकडा शून्य. पण त्या वर्षात त्यांनी कोर्टात केसेस नेल्या असतील, घाबरलेल्या लोकांना धरून ठेवलं असेल, ते कुठे लिहायचं? विरोध वाढतो तेव्हा आहे ती जागा न सोडणं हेच काम असतं, आणि आमची चौकट फक्त पुढे किती सरकलात एवढंच विचारते.
तरी मोजपट्टीचं एक खरं आहे, माझ्या वरच्यांना शेवटी एक पान लागतं. ते पान मी कवितेने भरू शकत नाही.

उंबरठा
मी अशा एका पॅनेलवर होते, स्वतः ट्रान्स आहे, आणि मला इथे दोन्ही बाजूंचा राग येतोय.
मोजपट्टी, बाहेरचा माणूस तटस्थ असतो हा तुमचा भ्रम आहे. पुढचं काम त्याच फंडरकडून मिळवायचं असतं त्याला.
पण रात्रपाळी, आतल्यांनी केलं की न्याय झाला हाही भ्रमच. आमचं जग केवढंसं! अर्ज उघडला की ओळखीचं कोणीतरी निघतंच, कोणाची जुनी जोडीदार, कोणाशी भांडण झालेलं, कोणी अडचणीत असताना कोणाच्या घरी राहिलेलं. नियम होता की ओळख असेल तर त्या अर्जापुरतं खोलीबाहेर जायचं. एका दुपारी आम्ही इतकं आत-बाहेर केलं की शेवटी एका अर्जावर बोलायला दोघंच उरली. आणि निकालानंतर नाकारलेल्या संस्थेची माणसं फंडरला नाही, मला मेसेज करतात. फंडरने अधिकार दिला म्हणतात, मला तर वाटतं नाही म्हणायचं काम आमच्या गळ्यात मारलं.
आता ते शिकण्याचं. दोन दिवस वर्कशॉप, रंगीत चिठ्ठ्या, भिंत भरली, काय मोजावं यावर आम्ही जीव तोडून बोललो, आणि सहा महिन्यांनी फॉर्म आला तो जुनाच, वर फक्त "समुदायासोबत मिळून तयार केलेला" अशी ओळ वाढलेली. शेरी आर्नस्टीन या बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यात लोकांचं म्हणणं ऐकून घेणं ही चौथी पायरी आहे आणि ती बाई तिला स्पष्ट दिखाऊपणात धरते. आमच्या चिठ्ठ्या त्या पायरीवरच चिकटल्यात. त्या दोन दिवसांचं मानधन? प्रवासखर्च आणि एक पिशवी.

मोजपट्टी
उंबरठा, तुम्ही माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. आणि वेळ बघा ना, २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली, किती संस्था रातोरात अडकल्या. पैसा आटत असताना पुरावा जास्त कडक लागतो, कमी नाही.

रात्रपाळी
ती मदत पुरावा कमी पडला म्हणून थांबली होती का हो? चांगले जाडजूड रिपोर्ट असलेल्यांचीही थांबली.

मोजपट्टी
...हे बरोबर आहे. पण मग गोष्टी सांगून भागवायचं का?

कोरडा कागद
गोष्टींचीही पद्धत असते की. बांगलादेशात १९९० च्या दशकात रिक डेव्हिस यांनी एक काढली, इंडिकेटर आधी ठरवायचेच नाहीत, लोकांना विचारायचं की गेल्या काही काळात सगळ्यात महत्त्वाचा बदल कुठला, मग आलेल्या गोष्टींतून एक निवडायची आणि तीच का निवडली हे लिहून ठेवायचं. मला ते शेवटचं "का" फार आवडतं, कारण तिथे निवडणारा उघडा पडतो.

उंबरठा
आणि ज्याची गोष्ट तोही उघडा पडतो. नाव बदललं तरी गाव, वय आणि मारहाणीची तारीख एका पानावर आली की ओळखणारे ओळखतात. जिथे ट्रान्स असण्यावरून अटक होऊ शकते तिथे तुमचा शिकण्याचा फोल्डर हा पोलिसांसाठी तयार केलेला पुरावा आहे. काही गोष्टी लिहायच्याच नाहीत, हे ठरवायचा हक्क मला हवाय, आणि त्यासाठी मार्क कापले जायला नकोत.

मोजपट्टी
बरं, वाद बाजूला. रात्रपाळी, समजा उद्या फॉर्म तुमच्या हातात दिला. लाभार्थी किती हा रकाना खोडला. त्या जागी काय लिहाल?

रात्रपाळी
आधीच लिहिलंय. आमची रात्रीची हेल्पलाइन आहे, फंडर विचारायचा किती फोन आले. आम्ही आमच्या वहीत दुसरंच लिहितो, किती फोन उचलले गेले नाहीत आणि का. पाळीला एकच जण होतं, चार्जर नव्हता, एकदा तर जिची पाळी तिचाच दिवस वाईट गेला होता, तिने फोन वाजू दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच वहीत तसं लिहिलं. महिन्यातून एकदा ती पानं सगळ्यांसमोर वाचतो. त्यातूनच कळलं की पहाटे दोन ते चार आमचं कोणीच टिकत नाही, मग त्या वेळेला जोडी लावली.

मोजपट्टी
न उचललेले फोन. मी हा आकडा मागितला असता तर तुम्ही दिला असता?

रात्रपाळी
तुम्हाला? छे. ग्रँट गेली असती.

कोरडा कागद
ती वही आमच्याकडे कधी आलीच नाही म्हणजे. आम्हाला आकडा यायचा, एकूण फोन, दर तिमाहीला थोडा वाढलेला.

उंबरठा
आणि ती वही लिहायचे, वाचायचे तास बजेटच्या कुठल्या हेडखाली टाकता गं?

रात्रपाळी
स्टेशनरी.