मदत हवी आहे: पॅरिस ते रोम, आधी रेल्वे मग भाड्याची गाडी

सप्टेंबरचा बेत: पॅरिस, झुरिक, मिलान, फ्लोरेन्स रेल्वेने, पुढे सिएना, पिएन्झा गाडीने आणि गाडी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर परत. एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली की वनवे शुल्क फार चढतं, म्हणून गाडी फक्त इटलीत. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात झेडटीएलचे (परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असलेल्या भागाचे) कॅमेरे दंड लावतात. त्यामुळे ट्रामने पेरेतोला विमानतळ गाठून तिथूनच गाडी घेणार. ऑटोमॅटिक, चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, आंतरराष्ट्रीय परवाना, हे पक्कं.

अडलंय इथे: युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेसाठी एकच पास) असला तरी टीजीव्ही लिरिया आणि फ्रेच्चारोसा या वेगवान रेल्वेंचं आरक्षण वेगळं. मग तीनच टप्प्यांसाठी पास परवडेल, की सुटी तिकिटं आधीच काढावीत? आणि सिएनात सांता कातेरिना पार्किंगला सरकते जिने आहेत, पण आई-बाबांना त्यानंतर किती चढ पडतो?