मदत हवी आहे : कांद्याची गोणी किलोत की क्विंटलमध्ये?

लेक चौथीत आहे. स्वाध्यायात 'योग्य एकक निवडा' असा प्रश्न होता. खोडरबर ग्रॅम, कलिंगड किलो, इथवर ठीक. 'कांद्याची गोणी' पुढे बाईसाहेबांनी 'क्विंटल' लिहिलं आणि लाल फुली घेऊन घरी आल्या. म्हणे, "आजोबा तर क्विंटलनेच विकतात!" आजोबा निफाडकडचे, त्यामुळे लहानपणापासून तेच कानावर पडलंय. आता तिला चूक म्हणू की बरोबर?

दुसरं म्हणजे अंदाज कसा शिकवायचा? 'हत्ती टन, मुंगी मिलिग्रॅम' असं घोकून घ्यायचं नाहीये. परवा दप्तर किती असेल विचारलं तर म्हणाली, 400 ग्रॅम. काट्यावर साडेचार किलो भरलं!

खडूफळा: ताई, फुली बरोबर आहे, पण लेकही फार चुकलेली नाही. गोणी समजा 50 किलोची, म्हणजे अर्धा क्विंटल. ग्रॅममध्ये लिहाल तर 50,000. आकडा सुटसुटीत येतो तो किलोतच. प्रश्नात ट्रॉलीभर कांदा असता तर मीही क्विंटलच लिहिलं असतं. लासलगावला भाव क्विंटलचाच पुकारतात आणि तोच कांदा आपण भाजीवाल्याकडून किलोने घेतो, हे तिला सांगा.

किराणावाला: आधी हाताला ओळख करून द्या. पाचचं पिवळं नाणं 6 ग्रॅमच्या आसपास (जुनं जाड पांढरं 9 ग्रॅमचं), मिठाची पुडी 1 किलो. ही दोन वजनं हातात बसली की बाकीचं जमतं. आणि एकदा वजनांच्या तराजूपुढे उभी करा. माझ्याकडे 50, 100, 200, 500 ग्रॅमची वजनं आहेत, पाव किलोचं वेगळं वजन नसतंच. 200 वर 50 चढवतो. पोरं 'पाव' म्हटलं की बेकरीतला समजतात, तो घोळ तिथल्या तिथे मिटतो.

गोळीबंद: मिलिग्रॅमसाठी औषधाची पट्टी दाखवा, पण जपून. 500 मिग्रॅ हे आतल्या औषधाचं वजन, अख्खी गोळी त्याहून जास्त भरते. 1000 मिलिग्रॅमचा 1 ग्रॅम एवढं कळलं तरी चौथीला पुष्कळ.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार! काल एका हातात खोडरबर, दुसऱ्यात पाचची नाणी दिली. बराच वेळ हात खालीवर करून म्हणाली, "दोन नाण्यांपेक्षा थोडं जास्त." स्वयंपाकघरातल्या काट्यावर 14 ग्रॅम! लगेच आजोबांना फोन. फुलीची हकिगत ऐकून ते म्हणाले, "बरं झालं आपला ऊस नाही, नाहीतर टन लिहून आली असतीस."