१६ कॅमेरे, ८ टीबी डिस्क आणि ३० दिवस: एच.२६४ की एच.२६५?

प्रश्न – सचिव_बी_विंग

नमस्कार. आमच्या सोसायटीत चार मेगापिक्सेलचे १६ आयपी कॅमेरे असून एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात) ८ टीबीची हार्ड डिस्क आहे. कॅमेरे बसवणाऱ्याने सर्व कॅमेरे एच.२६४ या व्हिडिओ लहान करून साठवण्याच्या पद्धतीवर, प्रत्येकी ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) लावून दिले असल्यामुळे जेमतेम ११ दिवसांचे रेकॉर्डिंग शिल्लक राहते; सर्वसाधारण सभेने मात्र ३० दिवसांचा ठराव केला आहे. नुसते त्यापुढचे एच.२६५ केल्याने हे साधेल का? वॉचमनच्या केबिनमधील संगणक जुना आहे. शिवाय गेटच्या कॅमेऱ्याला माइक आहे, त्याच्या आवाजासाठी जी.७११ हे स्वरूप घ्यावे की एएसी?

उत्तर – केबल_ते_कॅमेरा

४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी, अर्थात एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ जीबी आणि सोळांचे ६९१ जीबी. आपली डिस्क साडेअकरा दिवसांत भरते ती याच हिशेबाने. ३० दिवसांसाठी प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला सरासरी दीड एमबीपीएसच येतो.

एच.२६५ निवडले म्हणून जागा आपोआप वाचत नाही. सीबीआरमध्ये (बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, कायम सारखा ठेवण्याच्या पर्यायात) आकडा ४ च ठेवला, तर चित्र थोडे सुधारेल, पण डिस्क तेवढ्याच दिवसांत भरेल. बिटरेट आपल्यालाच खाली आणावा लागतो, आणि तो खाली आणूनही चित्र टिकते, एवढाच एच.२६५ चा फायदा. व्हीबीआर (दृश्यानुसार बदलणारा बिटरेट) लावल्यास कमाल मर्यादा अवश्य घाला, कारण रात्री उजेड कमी पडला की चित्रात दाणे येतात आणि ते साठवण्यातच एन्कोडर (कॅमेऱ्यातला व्हिडिओ लहान करणारा भाग) बिट्स खर्च करतो.

मेन स्ट्रीम (कॅमेऱ्याचे पूर्ण दर्जाचे चित्र) एच.२६५ वर रेकॉर्ड करा. केबिनमधील संगणक आणि मोबाइल यांच्यासाठी सब स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचे दुसरे, हलके चित्र) एच.२६४ वर, ६४० × ३६० इतकी लहान ठेवा. जुन्या संगणकाला एच.२६५ हार्डवेअरमधून उलगडता येत नाही, तो सगळा भार प्रोसेसरवर टाकतो आणि चित्र अडखळू लागते.

आवाजासाठी जी.७११ घ्या. त्याचे ६४ केबीपीएस म्हणजे दिवसाला जेमतेम ०.७ जीबी, त्यामुळे जागेचा प्रश्नच येत नाही. एएसी कानाला अधिक स्वच्छ लागते, परंतु पुढे ब्राउझरमध्ये वेबआरटीसीने (ब्राउझरमध्येच थेट चित्र-आवाज पोहोचवणाऱ्या तंत्राने) थेट दृश्य दाखवायचे ठरले, तर जी.७११ तसेच चालते आणि एएसी मात्र रूपांतरित करावे लागते. लिफ्टसमोरच्या कॅमेऱ्यांचे माइक बंदच ठेवा. सभासदांच्या गप्पा साठवण्याचा ठराव सभेने केलेला नाही!

उत्तर – जुना_एनव्हीआर

वरील सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. आमच्याकडे स्कूटर चोरीला गेल्यावर एच.२६५ ची क्लिप पेनड्राइव्हवर दिली, तेव्हा समोरच्याच्या लॅपटॉपवर आवाज तेवढा ऐकू आला, चित्र काळेच राहिले. तेव्हापासून क्लिप देताना मी तिची एच.२६४ मध्ये केलेली प्रत सोबत देतो आणि मूळ फाइल तशीच जपून ठेवतो. तसेच, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि एनव्हीआर एकत्र असतील, तर कोडेकच्या (एच.२६५ सारख्या पद्धतीच्या) नावापुढे ‘प्लस’ किंवा ‘स्मार्ट’ असलेले पर्याय टाळावेत. त्यांत आय-फ्रेममधील (मधूनमधून साठवलेल्या संपूर्ण चित्रांमधील) अंतर वाढत जाते आणि रेकॉर्डिंग मागेपुढे करताना चित्र बराच वेळ उमटत नाही.

पुन्हा – सचिव_बी_विंग

दोघांचेही आभार. काल रात्री सर्व कॅमेरे १५ एफपीएस (सेकंदाला १५ फ्रेम), आय-फ्रेम दर ३० फ्रेमनंतर आणि दीड एमबीपीएस असे लावून पाहिले. जिन्यांवर काहीच फरक जाणवला नाही, परंतु गेटवर आत येणाऱ्या गाडीच्या नंबरातील ३ आणि ८ वेगळे ओळखता येईनात. म्हणून गेटच्या दोन कॅमेऱ्यांना ३ आणि उरलेल्या १४ कॅमेऱ्यांना सव्वा एमबीपीएस दिले. बेरीज साडेतेवीस होते, म्हणजे ३० दिवसांच्या हिशेबात बसते.